चौसष्टाव्या वर्षी आलेले केस

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझ्या डोक्यावर केस आले आणि माझी झोप उडाली. इतरांची केस गेल्यावर उडते. माझं सगळंच उलटं.

आधी आमच्या घराण्याबद्दल सांगतो. आमचे मूळ पुरुष शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून माळव्यात आले. ते पगडी घालत, त्यामुळे त्यांच्या डोक्याची कुठे नोंद नाही. पण ज्या पिढीने पगडी सोडली, त्या पिढीपासूनचे फोटो आमच्याकडे आहेत, आणि त्यांतल्या एकाही पुरुषाला तिशीनंतर कंगव्याची गरज पडलेली दिसत नाही. माझे वडील अण्णा म्हणायचे, की आपल्याकडे मुलीकडचे पत्रिका बघायला येतात आणि डोकं बघून जातात. मी स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी पुढून आणि पस्तिसाव्या वर्षी मागून मोकळा झालो, आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीइतकंही दुःख नव्हतं. मी उज्जैनच्या शाळेत छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्या विषयाच्या मास्तराला टक्कल शोभून दिसतं.

दुःख होतं ते उषाला, माझ्या बायकोला. तिच्यासाठी तो माहेरच्या अब्रूचा प्रश्न होता. तिच्या आईचं एक तेल होतं. तिळाच्या तेलात जास्वंद, आवळा, मेथ्या आणि माका उकळून केलेलं. आमच्या लग्नात रुखवतात त्या तेलाची बरणी मांडली होती. माझ्या अहल्याआत्याने ती बरणी पाहिली, मग माझं डोकं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की हे तेल जावयासाठी आहे की समईसाठी. मांडवातले सगळे हसले. मीही हसलो. उषा मात्र खाली बघत राहिली, आणि पुढची चौतीस वर्षं तिने दर शनिवारी माझ्या डोक्याला ते तेल चोळलं.

चौतीस वर्षांत फरक पडला तो एवढाच, की आमच्या घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे पिवळे झाले. मी अधूनमधून तिला सांगायचो, की एखाद्या प्रयोगाला इतकी वर्षं पुरे झाली, आता निष्कर्ष लिहून टाक. ती म्हणायची, मुळं आत असतात, वेळ लागतो. दर पावसाळ्यानंतर भैरवगढकडून एक बाई नदीकाठचा माका घेऊन यायची, आणि अंगणात कढई चढायची. नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत तो वास आला की लोक समजायचे, सरांच्या डोक्याची तयारी चालू आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मी कोणाला सांगितली नव्हती.

निवृत्तीनंतर वर्षभरातच मला लघवीचा त्रास सुरू झाला. रात्री चार-पाचदा उठायला लागायचं. इंदूरला जाताना बस दोनदा सांवेरजवळ थांबवायला लागली, आणि दुसऱ्यांदा कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "सरजी, आप आगे ही बैठा करो." त्या दिवशी मी ठरवलं की डॉक्टर गाठायचा, आणि हेही ठरवलं की उषाला कळू द्यायचं नाही.

यामागे इतिहास आहे. काही वर्षांपूर्वी मला मूळव्याध झाली होती. उषाने ती आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे ग्वाल्हेरच्या मृणालला फोनवर सांगितली, मृणालने आणखी कोणाला सांगितली, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या अकरा बायकांनी मला दारातच विचारलं, की आता बसायला जमतं का. उषाच्या मनात वाईट काही नसतं. तिला वाटतं, आजार बोलून दाखवला की निम्मा होतो. मला वाटतं, दुप्पट होतो. त्यात उज्जैनमध्ये छत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला खासगी आजार परवडत नाही, कारण अर्धे डॉक्टर आणि बहुतेक सगळे केमिस्ट त्याचेच विद्यार्थी असतात. मी शोधून शोधून फ्रीगंजात एक डॉक्टर काढला, जो मूळचा रतलामचा होता आणि ज्याला मी कधी नापास केलं नव्हतं.

त्याने सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि सांगितलं, की प्रोस्टेट वाढली आहे, या वयात वाढते, वाईट काही नाही. रोज एक गोळी घ्या. गोळीचं नाव फिनास्टराइड. सवयीप्रमाणे घरी येऊन मी वहीत तिची रचनासुद्धा काढली. गोळ्या आणायला मी देवास गेटला जायचो. तिथला दुकानदार मला बाबूजी म्हणायचा आणि माझं नाव त्याला माहीत नव्हतं. घरी आणून त्या मी व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरायचो, आणि ती बाटली पुस्तकांच्या कपाटात प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्यांमागे ठेवायचो. त्या वह्यांना उषा हात लावत नाही, कारण त्यांना ॲसिडचा वास येतो असं तिचं म्हणणं आहे.

आठ-नऊ महिने असे गेले. त्रास बराच कमी झाला. मी माझ्या हुशारीवर खूश होतो.

मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, तेल लावता लावता उषाची बोटं थांबली. टाळूच्या मागच्या बाजूला, जिथे ती इतकी वर्षं न अडखळता गोल फिरत आली होती, तिथे ती अडकली. ती म्हणाली, "अहो, हलू नका." मग तिने मला हाताला धरून गच्चीवर उन्हात नेलं. आधी चष्म्यातून बघितलं. मग मी पोस्टाची तिकिटं बघायला जे भिंग वापरतो, ते आणून बघितलं. आणि मग ती पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली आणि तेलाच्या हातांनी डोळे पुसत रडायला लागली.

"आई असायला पाहिजे होती," एवढंच ती म्हणाली.

मी आरशात पाहिलं. खरंच केस होते. बारीक, मऊ, करडे, पण केस. मला काही कळेना. चौतीस वर्षं काही न करणारं तेल पस्तिसाव्या वर्षी कामाला का लागावं, हे माझ्यातल्या मास्तराला पटत नव्हतं. पुढच्या महिन्यात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि तो हसायला लागला. म्हणाला, "सर, आपको तो बोनस मिल गया. यही दवा छोटी मात्रा में जवान लड़कों को बालों के लिए देते हैं. सबको इतना फ़ायदा नहीं होता, आपको हो गया."

घरी जाताना मी ठरवलं, की गेल्या गेल्या उषाला सांगून टाकायचं. दार उघडं होतं. उषा फोनवर मृणालशी बोलत होती. आईची रेसिपी, बरोब्बर आईचीच, मी एक पान इकडचं तिकडे केलं नाही, असं सांगत होती. आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, ताठ. रुखवताच्या मांडवात जी मुलगी खाली बघत राहिली होती, तिने चौतीस वर्षांनी मान वर केली होती. मी चपला काढल्या आणि मनात म्हटलं, उद्या सांगू.

असे बरेच उद्या आले आणि गेले, आणि मग गुढीपाडवा आला.

आमची मुलगी देवश्री हिचं लग्न आदल्याच डिसेंबरात झालं होतं. जावई ओंकारराव भोपाळला इंजिनियर आहेत, वय एकतीस, स्वभावाने इतके सरळ की मला कधी कधी काळजी वाटते. त्यांचेही केस पुढून विरळ होत होते, पण टिकून होते, कारण गेलं दीड वर्ष ते त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली कसलीशी गोळी घेत होते. पाडव्याला ही दोघं आली तेव्हा देवश्रीच्या तोंडून हे निघून गेलं. उषाने हातातली पुरणाची वाटी खाली ठेवली. तरण्या वयात रोज गोळ्या कशाला, असं तिने विचारलं, आणि लगेच पुरावा हजर केला. पुरावा म्हणजे मी. मला जेवता जेवता मान खाली घालायला सांगण्यात आलं. ओंकाररावांनी अदबीने बघितलं. जाताना त्यांच्या पिशवीत तेलाच्या दोन बाटल्या होत्या, आणि आजपासून गोळी बंद, असं ते सासूबाईंना कबूल करून गेले.

ती गोळी कुठली असेल, याची मला तेव्हाच शंका आली होती. ती शंका मी श्रीखंडाबरोबर गिळली.

त्यानंतर माझं डोकं सार्वजनिक झालं. सकाळी फिरायला निघालो की कोणीतरी थांबवायचं. शेजारच्या मीनाभाभी आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, ज़रा झुकिए, इनको देखना है." मी झुकलो. त्यांनी बोट लावून पाहिलं. गणपतीत मराठी मंडळाच्या आनंदमेळ्यात उषाने तेलाचा स्टॉल लावला. टेबलावर भैरवगढच्या छापाची चादर, वर बाटल्या, आणि मागे माझे दोन मोठे फोटो. पहिला निवृत्तीच्या समारंभातला, हार घातलेला, मागून काढलेला. दुसरा गच्चीवर उन्हात काढलेला, तोही मागूनच. दिवसभर मी त्या फोटोंशेजारी खुर्चीवर बसून होतो, म्हणजे लोकांना पडताळून पाहता यावं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या संपल्या. उषाने घरी येताना विचारलं, की तुमची अहल्याआत्या आज असती तर काय म्हणाली असती. मी म्हटलं, तिनेही एक बाटली घेतली असती. उषा रस्ताभर हसत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात लोक भेटले की म्हणायचे, फ़ायदा है भाभीजी, धीरे धीरे हो रहा है. कोणालाच काही होत नव्हतं. पण उषाला तसं तोंडावर सांगायची हिंमत कॉलनीत कोणाची नव्हती, आणि ज्याने सांगायला हवं होतं तो खुर्चीवर मान खाली घालून बसला होता.

मग दिवाळी आली. देवश्रीचा दिवाळसण. जावयाची सासरची पहिली दिवाळी, त्यामुळे उषाने पंधरा दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. धनत्रयोदशीला दोघं आली. ओंकाररावांच्या डोक्यावर टोपी होती, क्रिकेटवाले घालतात तशी. उज्जैनला तेव्हा टोपी घालावी अशी थंडी नव्हती. घरात आले तरी ती काढली नाही. जेवतानाही नाही. उषाला वाटलं, नवी फॅशन असेल.

त्याच दिवशी संध्याकाळी मी आणि ते गच्चीवर आकाशकंदील लावत होतो. वायर वर फेकताना टोपी अडकली आणि खाली पडली. ती उचलायला ते वाकले, आणि मला दिसलं. पाडव्याला जिथे विरळ केस होते, तिथे आता मोकळी जमीन होती. टाळूवर तर सरळ खड्डाच. त्यांनी घाईने टोपी घातली, माझ्याकडे बघितलं, आणि मग परत काढली.

"बाबा, खरं सांगा," ते म्हणाले, "तुम्हाला किती महिने लागले? मी एक शनिवार सोडला नाही. देवश्री स्वतः लावते. ऑफिसात लोक आता मागे हसून राहिले. मला वाटतं, माझं डोकंच खराब आहे." मग म्हणाले, "आईंना प्लीज़ काही बोलू नका. त्यांनी इतक्या मनाने दिलंय."

मी विचारलं, ती गोळी कुठली होती. त्यांनी पाकिटातून एक चुरगळलेली पट्टी काढली. पाडव्यापासून ती तशीच पाकिटात होती. मी ती कंदिलाच्या दिव्याखाली धरली. नाव तेच. माझी पाच मिलिग्रॅमची, त्यांची एकची.

विज्ञान शिकवणारा माणूस मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतो. आधी प्रयोग, मग निरीक्षण, मग निष्कर्ष. वहीत निष्कर्ष चुकीचा दिसला की मी लाल पेनाने अख्खं पान खोडायचो, पोराच्या डोळ्यांत पाणी आलं तरी. आणि इथे आठ महिने एक चुकीचा निष्कर्ष माझ्याच डोक्यावर वाढत होता, त्यापायी एका गुणी मुलाचे केस गेले होते, आणि मी गप्प होतो. का, तर मला लाज वाटत होती म्हणून. मला माझाच इतका राग आला की हातातली वायर चुकीच्या ठिकाणी जोडली आणि खालचा फ्यूज उडाला.

त्यांना मी एवढंच म्हटलं, की तुमच्या डोक्यात काही खराबी नाही, उद्या सकाळी बोलू. उषाला आधी एकटीला सांगायचं, असं माझं ठरलं होतं. पण नरकचतुर्दशीला उषा चार वाजता उठते आणि मग तिला गाठणं कोणाला जमत नाही.

पहाटे मी उठून बाहेर आलो तेव्हा सगळं मांडून झालं होतं. पाटाभोवती रांगोळी, उटण्याची वाटी, कोमट तेलाची वाटी, निरांजन. कारीट उज्जैनला मिळत नाही, म्हणून पायाने फोडायला आम्ही कचरी आणतो, ती न्हाणीघराच्या दाराशी ठेवली होती. ओंकारराव पंचा गुंडाळून पाटावर बसले होते. टोपी देवश्रीच्या हातात होती. मी उषाला हाक मारणार, तेवढ्यात तिने तेलात बोटं बुडवली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

बोटं थांबली. फेब्रुवारीत थांबली होती, अगदी तशीच.

तिने ट्यूबलाइटच्या उजेडात केस बाजूला करून पाहिले, म्हणजे होते तेवढे. देवश्री दुसरीकडे बघायला लागली. उषाने हळूच विचारलं, हे कधीपासून. ओंकारराव म्हणाले, भोपाळच्या पाण्यामुळे असेल, आई. भोपाळचं पाणी इतकं वाईट नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

उषा आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यांना आले आणि तुम्हाला नाही. तेल तर एकच आहे. म्हणजे माझ्याच हातून काही कमी-जास्त झालं. आईचा हात माझ्यात नाही."

ते मला सहन झालं नाही. मी आत गेलो, जुन्या वह्या खाली पाडल्या, बाटली घेऊन आलो आणि तेलाच्या वाटीशेजारी ठेवली.

"उषा, तुझ्या हातून काही झालेलं नाही," मी म्हटलं. "माझे केस या गोळीने आलेत. ओंकारराव घेत होते तीच गोळी. मी ती प्रोस्टेटसाठी घेतो, आणि तुझ्यापासून लपवून घेतो."

आणि मग मी उघड्या अंगाने, पंचा सावरत, सगळं सांगितलं. सांवेरची बस, फ्रीगंज, देवास गेट, डॉक्टरचं हसणं, तिचा फोन, माझे सगळे उद्या. कोपऱ्यावर कोणीतरी लवंगी माळ लावली होती, ती वाजून संपेपर्यंत मी बोलत होतो. देवश्री फक्त म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा ना." ओंकारराव पाटावर बसल्या बसल्या इतके अवघडले होते, की जणू गुन्हा त्यांनीच केला होता.

उषाने बाटली उचलली, झाकण काढून आत पाहिलं, परत लावलं.

"डॉक्टर काय म्हणाले? वाईट काही नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

ती मान हलवून ओंकाररावांकडे वळली. त्यांना म्हणाली, की दिवाळी झाली की तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि ते म्हणतील तशी गोळी परत चालू करा. माझं ऐकून तुम्ही ती सोडली, ती चूक माझी. आता मान खाली घाला. हे सणाचं तेल आहे, केसांचं नाही, ते लावायलाच पाहिजे. आणि तिने त्यांच्या डोक्याला, पाठीला, हातांना व्यवस्थित तेल लावलं, देवश्रीने ओवाळलं. मग माझा नंबर आला. माझ्या डोक्यावर तिने जे तेल चोळलं, त्यात चौसष्टाव्या वर्षी आलेले निदान दहा-बारा केस तरी त्याच दिवशी परत गेले.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. वाढायची, चहा द्यायची, पण बोलायचं असलं तर देवश्रीमार्फत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलं भोपाळला गेली आणि उषा फोन घेऊन बसली. आनंदमेळ्यात ज्यांनी ज्यांनी बाटली नेली होती त्या सगळ्यांना तिने एकेक करून फोन केला. तेलाने केस येत नाहीत, आमच्या यांचे आले ते प्रोस्टेटच्या गोळीने, तुम्ही कोणी गोळ्या बंद केल्या असतील तर डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. प्रत्येकाला हेच, शब्दाचाही फरक न करता. बाटलीवरच्या कागदावर जिथे 'केसवर्धक' लिहिलं होतं तिथे तिने 'डोकं थंड ठेवण्यासाठी' असं लिहिलं. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकत होतो. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं घाबरत होतो, ती दीड तासात सगळ्या उज्जैनला कळली.

पुढे जे झालं त्याचा मला अंदाज नव्हता. सकाळी फिरायला निघालो की लोक परत थांबवायला लागले, पण आता आवाज खाली आणून. मीनाभाभींचे यजमान झाडाआड नेऊन म्हणाले, "सर, वो डॉक्टर कौन से हैं फ्रीगंज में? अपने लिए नहीं, एक दोस्त है." आठवड्याभरात असे सहा दोस्त निघाले. सगळ्यांनी तोच त्रास माझ्यासारखाच लपवून ठेवला होता, आणि सगळे इंदूरच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसत होते. हे मी उषाला सांगितलं. ती हसली नाही, पण त्या दिवशी तिने देवश्रीला फोन न लावता मला थेट सांगितलं, की मीठ संपलंय.

आणि म्हणाली, की पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी येणार.

शनिवारी आम्ही गेलो. डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. आजकल रात में कितनी बार उठना पड़ता है. मी म्हटलं, एकाध बार.

"दो बार," शेजारून उषा म्हणाली. "कभी तीन. परसों तीन बार उठे थे, मंगलवार को एक ही बार. गोली के पहले पाँच बार उठते थे, गर्मी में छह."

डॉक्टरने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने तिचे आकडे लिहून घेतले.

बाहेर आल्यावर रिक्षात मी तिला विचारलं, की गोळीच्या आधीचं तुला काय माहीत. ती बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही उठून परत येईपर्यंत मला झोप लागते का? पॅसेजमधला स्टूल कोणी हलवला असं वाटलं तुम्हाला?"

तो स्टूल मला आठवला. वर पेपर ठेवलेला, न्हाणीघराच्या वाटेतला. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तो तिथून गेला होता, आणि माझे पेपर कुठे ठेवायचे म्हणून मी तिच्यावर चिडलो होतो. न्हाणीघराचा दिवाही तेव्हापासून रात्रभर चालू असायचा, आणि विजेच्या नावाने मी त्याबद्दलही कुरकुर केली होती. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. निष्कर्ष काढला नव्हता.

"मग विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

घरी आल्यावर तिने तेलाची वाटी गरम करायला ठेवली. शनिवार होता. मी शर्ट काढला आणि तिने हाक मारायच्या आधीच पाटावर जाऊन बसलो.